मागीलदार ते विहीर: जांभ्याच्या टप्प्यांची वाट

६ एप्रिल २०२५, रामनवमी

जागा रत्नागिरी तालुक्यातली, घराचं मागीलदार. पडवीच्या पायरीपासून विहिरीच्या कट्ट्यापर्यंत टेप लावली तर ४८ फूट. मधे न्हाणीचं सांडपाणी, एक फणस, तीन माड, सासूबाईंची अबोली आणि पावसाळ्यात घोट्याएवढा चिखल.

पावसाआधी इथे पाय टेकायला दगडी टप्पे टाकायचे ठरलं. सलग वाट नाही, सुटे टप्पे. घरात यावर एकमत नाही. ह्यांचं म्हणणं, पैसे घालवायचेच आहेत तर काँक्रीट ओतून एकदाचं मोकळं व्हावं. मिस्त्रींचंही मत तेच. "वहिनी, फटीच ठेवायच्या तर दगड तरी कशाला, उड्या मारत जा की," असं म्हणून ते चहा प्यायला बसले.

माझा हट्ट पाण्यासाठी आहे. वरच्या अंगाला गडगा, म्हणजे सुक्या दगडांची भिंत, आणि गडग्यापलीकडे सडा, म्हणजे कातळाचं उघडं पठार. जुलैत सड्यावरून उतरलेलं पाणी गडग्याच्या फटींतून आत येतं आणि मागीलदार आडवं ओलांडून खालच्या आगरात, म्हणजे माडपोफळीच्या बागेत, उतरतं. आपली वाट नेमकी त्या पाण्याला आडवी जाते. सलग काही घातलं की तो बांधच झाला. पाणी तटणार आणि पडवीकडे वळणार. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो जवळपास सगळा चार महिन्यांत. त्यामुळे दगड कुठले हा प्रश्न दुसरा, फटी कुठे आणि किती हा पहिला.

वाटेची रेघ नवीन काढली नाही. फोनवरच्या व्हिडिओंत सगळ्या वाटा नागमोडी असतात आणि दिसतातही छान, पण भरलेली बादली घेतलेला माणूस नागमोडी चालत नाही. तो सरळ जातो आणि वळणातलं गवत तुडवतो. तेव्हा पायांनी इतकी वर्षं पाडलेली पायवाटच धरली. एक बदल मात्र केला. मधल्या माडापासून वाट सहा फूट लांब सरकवली. नारळ वेळच्या वेळी उतरवले जातातच असं नाही, आणि नारळापेक्षाही सुकलेली झावळ देठासकट खाली येते तेव्हा तिचं वजन काय असतं ते पडवीच्या कौलांना विचारावं.

८ एप्रिल

टप्प्यांमधलं अंतर ठरवायला बंबातली राख चाळून वाटेवर पातळ पसरली आणि घरातल्या सगळ्यांना चालवलं. रोजच्यासारखं चाला म्हटलं की माणूस रोजच्यासारखं चालत नाही, छाती काढून चालतो. मग हातात बादल्या दिल्या. तेव्हा खरी पावलं उमटली.

टाचेपासून टाचेपर्यंत ह्यांचं पाऊल २७ इंच, माझं २१-२२, सासूबाईंचं काठीसकट १६-१७. सगळीकडे दोन फुटांवर दगड ठेवायला सांगतात. ते उंच, तरण्या माणसांना सोयीचं. आमच्या या वाटेवर सगळ्यात जास्त ये-जा सासूबाईंची. सकाळी जास्वंद आणि अबोली काढायला, दुपारी केळीच्या बुंध्याशी भाजीची देठं टाकायला, संध्याकाळी पंप बंद झाला की नाही ते बघायला. पंप आपोआप बंद होतो, हे त्यांना मान्य नाही.

एका दगडाच्या मध्यापासून पुढच्याच्या मध्यापर्यंत २० इंच धरले. टप्पा चालण्याच्या दिशेने १४ इंच ठेवला तर फट ६ इंचांची राहते. आखूड पावलाचं माणूसही मागच्या टप्प्याच्या पुढच्या अंगावरून पुढच्या टप्प्याच्या मागच्या अंगावर सहज जातं. ह्यांना वाट तोकडी होणार. त्यांनी सावकाश चालावं.

काठीचा विचार आधी डोक्यात नव्हता, तो राखेने घालून दिला. पावलांच्या उजवीकडे वीतभर अंतरावर काठीच्या टोकाच्या गोल खुणा होत्या. जाताना उजवीकडे, येताना अर्थातच दुसऱ्या बाजूला. म्हणजे दगड नुसता पायाला पुरून उपयोग नाही, दोन्ही अंगांची वीतभर जमीन आणि मधली फटही काठी रुतणार नाही इतकी घट्ट हवी. तरी त्यातून पाणी जायला हवं. यावर उत्तर एकच, दगडाची कच, म्हणजे क्रशरवर निघणारा बारीक चुरा. मातीसारखी ती चिखल होत नाही आणि सिमेंटसारखी पाणी अडवत नाही.

१२ एप्रिल

दगड. शहरात बाजारात गेलं की शहाबादी फरशी, कडप्पा, रंगीत सिमेंटचे पेव्हर आणि हल्ली नर्सऱ्यांमधून मिळणारे ओंडक्यासारखे दिसणारे सिमेंटचे गोल टप्पे. त्या गोलांकडे सासूबाईंनी फोटोत पाहिलं आणि "लाकूड का दगड ते तरी ठरवा" म्हणाल्या. शहाबादी कर्नाटकातली, कडप्पा आंध्रातला. दोन्ही घाट उतरून येतात. भाडं सोडा, पण दीड इंच जाडीची फरशी खाली जरा पोकळी राहिली की तडकते. कडप्पा ओला झाला की त्यावर वय वाढलेल्या माणसाला चालवू नये. काळा दगड मजबूत, पण आमच्याकडे तो खडी होऊनच मिळतो आणि त्याचे टप्पे घडवणारा पाथरवट जवळपास राहिलेला नाही.

म्हणून जांभाच. घर त्याचं, गडगा त्याचा, विहिरीचा कट्टा त्याचा. वाडीतली जुनी पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट, तीही जांभ्याचीच होती, तिच्यावर आता काँक्रीट आहे. पाखाडी अशीच सुकी रचलेली असे, सांध्यांत सिमेंट नाही. पाणी पायऱ्यांवरून जितकं जाई तितकंच सांध्यांतून मुरे. काँक्रीटची पाखाडी सोडून आता पावसाळ्यात कडेच्या गवतातून चालतात लोक.

जांभ्याचे ठोकळे, म्हणजे चिरे, कापतात त्या चिरेखाणीवर जाऊन आले. आता सगळी कापणी यंत्राच्या पात्याने होते. ताजा चिरा ओला, गेरूसारखा आणि मऊ. नखाने नाही पण पहारीच्या टोकाने सहज उकरता येतो. हवेवर राहिला की त्यातल्या लोहाची संयुगं पाणी सोडून घट्ट होतात आणि चिरा कठीण बनतो. फ्रान्सिस बुकानन नावाच्या इंग्रजांच्या नोकरीतल्या डॉक्टरने १८०७ साली मलबारातल्या या दगडाबद्दल हेच नोंदवलं आहे: खाणीत असताना लोखंडी हत्याराने कापता येतो आणि उघड्यावर आला की विटेसारखा होतो. तेव्हा निवड सोपी. पावसाआधी टाकायचा तर या आठवड्यात कापलेला चिरा नको, गेल्या हंगामात कापून खाणीच्या कडेला पडून राहिलेला हवा. तो काळपट दिसतो म्हणून गिऱ्हाईक नाकारतं. खाणवाल्याने आनंदाने दिला.

निवडताना हातोडीने ठोकून पाहिलं. खणखणला तर घेतला, बद्द वाजला तर बाजूला. पिवळट आणि पांढऱ्या मातीच्या खिशांचे टाळले. तो पांढरा भाग दोन पावसांत धुऊन जातो आणि टप्प्याला खळगे पडतात, मग त्यात पाणी, मग डास.

१७ एप्रिल

टाटा ४०७ टेम्पोतून ८० चिरे आले. १४ इंच लांब, ९ रुंद, ७ जाड. एकेक तीस-पस्तीस किलोचा. टेम्पो मागीलदारी येत नाही, त्यामुळे खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, उतरवून हातगाडीने आणले.

रास थेट जमिनीवर रचली नाही. खाली दोन जुने वासे टाकले आणि गडग्यापासून हातभर सोडून चिरे लावले. कारण फुरसं. आमच्या भागात ते दगडाखाली, पाल्याखाली, चिऱ्यांच्या राशीत सापडतं. लहान दिसतं, म्हणून माणूस गाफील राहतो. नाग, मण्यार, घोणस आणि हे, अशा चार विषारी सापांवरची एकत्र लस सरकारी दवाखान्यात मिळते, पण तिथवर जायची वेळ येऊ नये. विंचवाचंही तेच. लाल विंचवाच्या दंशाने कोकणात पूर्वी पोरं दगावत. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी प्राझोसिन हे रक्तदाबावरचं औषध त्यावर वापरून दाखवलं आणि ते प्रमाण खूप खाली आलं. कामावर नियम एकच: चिरा आधी पहारीने कलता करायचा, खाली बघायचं, मग हात घालायचा.

याचाच दुसरा अर्थ असा की टप्प्याखाली पोकळी राहता कामा नये. फक्त दगड डुगडुगतो म्हणून नाही, भाडेकरू येतो म्हणून.

२० एप्रिल

उतार मोजला. लेव्हल पाइपात पाणी भरून एक टोक पडवीच्या पायरीशी, दुसरं विहिरीशी. एकूण उतार ३२ इंच, पण तो सारखा नाही. पहिल्या ३६ फुटांत फक्त १२ इंच आणि शेवटच्या १२ फुटांत २० इंच.

वरच्या भागात काही अडचण नाही. बावीस टप्पे, प्रत्येक आधीच्यापेक्षा अर्धा इंच खाली. पायाला कळतही नाही. खालच्या भागात तसंच उतरवत नेलं तर दर टप्प्याला जवळपास तीन इंचांची घसरण येते आणि ती उंची सगळ्यात वाईट. पायरी म्हणून पाय उचलला जात नाही, सपाट म्हणून चाललं की ठेच लागते. म्हणून तिथे तीन सरळ पायऱ्या करायच्या. चिऱ्याची जाडी ७ इंच, तीन चिऱ्यांत २१. वीस इंच उताराला एवढं जुळणारं माप पैसे देऊनही मिळालं नसतं. पाखाडीची पायरी एका चिऱ्याच्या उंचीची का असायची, तेही यातून उमगलं.

पायऱ्यांच्या मधल्या सपाटीला टप्प्यांचं अंतर २० ऐवजी १६ इंच धरलं. उतरताना पाऊल आखडतं.

२४ एप्रिल

खोदाई. दोरी ताणून, चुन्याने खुणा करून. खोली ८ इंच: खाली दोन इंच कच, वर सात इंचांचा चिरा, म्हणजे चिरा जमिनीच्या वर इंचभर राहतो. अगदी जमिनीबरोबर ठेवला तर पहिल्याच सरीत मातीचा थर अंगावर येतो. दोन इंच वर काढला तर बोट ठेचतं.

वरचे पाच-सहा इंच लाल माती, खाली मुरूम. पाचव्या टप्प्याखाली मात्र चार इंचांवरच कातळ लागला. टिकावाचं टोक नाचलं, ठिणगी उडाली. हा वरचा कातळ खाणीतल्या चिऱ्यापेक्षा किती कठीण असतो ते हाताला झिणझिण्या आल्यावर कळतं. उक्षी, बारसू, कशेळीच्या सड्यांवरची कातळशिल्पं इतके पावसाळे अंगावर घेऊन उभी आहेत ती याच कवचावर. आमच्या टिकावाने त्याच्याशी भांडण्यात अर्थ नव्हता, चिराच तासून तीन इंचांचा केला.

नवव्या टप्प्याशी उलट प्रकार. तिथे पूर्वी माड होता; बुंधा कुजून गेला, खड्डा मातीने भरलेला. पहार हाताच्या जोरानेच दीड फूट आत गेली. सगळी भुसभुशीत माती काढून मुरूम थराथराने भरला, प्रत्येक थरावर पाणी शिंपडून धुम्मस. मिस्त्री म्हणाले, एक पाऊस गेल्याशिवाय या खड्ड्यावर भरवसा नको. वहीत खूण करून ठेवली.

न्हाणीच्या सांडपाण्याला चार इंची पाइप टप्प्यांच्या खालून टाकला. शेजारी एक रिकामा पाइपही, दोन्ही टोकं बुचं लावून. उद्या पंपाची वायर किंवा दिव्याची वायर न्यायची झाली तर वाट उकरायला नको. खर्च किरकोळ.

३० एप्रिल, अक्षय्य तृतीया

पहिला टप्पा बसला. सासूबाईंनी हळदकुंकू वाहिलं, मिस्त्रींनी नारळ फोडला. एवढ्याशा कामाला नारळ कशाला, असं ह्यांनी विचारलं आणि खोबरं सगळ्यांत जास्त खाल्लं.

एका टप्प्याला दोन चिरे, शेजारी शेजारी. रुंदी १८ इंच, चालण्याच्या दिशेने १४. दोन चिऱ्यांचा सांधा कुठल्या दिशेला ठेवायचा यावर मिस्त्रींनी मला गप्प केलं. मी म्हणत होते सांधा आडवा दिसायला बरा. ते म्हणाले, आडवा ठेवलात तर टाच एका चिऱ्यावर आणि चवडा दुसऱ्यावर. वर्षा-दोन वर्षांत एक चिरा पाव इंच जरी खचला तरी अंगठा अडकणार. सांधा चालण्याच्या दिशेने उभा ठेवला तर डावा पाय डाव्यावर, उजवा उजव्यावर; एखादा खचला तरी ठेच नाही. बरोबर आहे.

बसवण्याची रीत: कच दोन इंच अंथरायची, फळीने सारखी करायची, चिरा वरून सोडायचा नाही, एका कडेने टेकवून खाली निजवायचा. मग लाकडी मोगरीने ठोकायचा आणि पाणसळ लावायची. लांबीत अगदी सपाट, रुंदीत आगराकडे पाव इंच उतरता, म्हणजे अंगावर पाणी थांबत नाही. चारही कोपऱ्यांवर एकेक पाय देऊन उभं राहायचं. जरा हलला तर चिरा परत वर, कच कमी-जास्त, परत खाली. मोगरी मारून मारून डुगडुग जाते असं वाटतं, पण ती जात नाही, लपते.

४ मे

वाळू का नाही, असं शेजारच्या काकांनी विचारलं. समुद्राची वाळू काढायला बंदी आहे हे एक. दुसरं, वाळूचे दाणे गोल असतात. मुंग्या त्यात घर करतात, पाणी त्यांना वाहून नेतं. क्रशरवरच्या कचीचे दाणे कोनदार, ठोकले की एकमेकांत अडकतात. पाव ब्रास (पंचवीस घनफूट) मागवली होती. तेवढी लागणार नाही, पण त्याहून कमी कोणी आणून देत नाही.

दहाव्या टप्प्यापर्यंत काम आलं.

९ मे

माणूस नाही. आंब्याचा हंगाम शेवटाकडे आला आहे, ज्याच्या हातात घळ (आंबे उतरवायची जाळीची काठी) धरता येते तो प्रत्येक जण बागेत. मिस्त्रींचा गडीही पेट्या भरायला गेला. दिवसाला जास्त मिळतात शिवाय घरी आंबे, त्याला बोल काय लावणार.

१४ मे

गडी परतला. वरचे बावीसही टप्पे बसले. पायऱ्या सुरू. पायरीला तीन चिरे, २७ इंच रुंद. टप्प्यांपेक्षा पायरी रुंद ठेवली कारण उतरताना माणूस कडेला जातो आणि काठी पायरीवरच टेकते.  पहिली पायरी झाली.

१७ मे

टाकी. यंत्राने कापलेल्या चिऱ्याचं वरचं अंग गुळगुळीत असतं आणि शेवाळाला तेच आवडतं. पाट्याला लावतात तशी छिन्नीने टाकी लावायची, तिरक्या ओळींत, पाव इंचाच्या आत खोल. त्याहून खोल गेलं तर पाणी साचतं. एका टप्प्याला बराच वेळ जातो आणि धुळीने नाकातोंडाचा रंग विटकरी होतो, फडकं बांधावं. ही धूळ सुकली की कपड्यांवरून जात नाही, जुने कपडेच घालावेत. पडवीच्या बाजूने सुरुवात केली.

२० मे

पाऊस. वळीव नव्हे, रात्रभर पडला आणि सकाळीही थांबायची लक्षणं नाहीत. समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तयार होण्याचा अंदाज आहे, जिल्ह्याला इशारा आहे. दुसरी पायरी उभी आहे, तिसरीचा चर उघडाच. त्यात पाणी. विहिरीच्या कट्ट्याला लागून खणलेलं, त्यामुळे कडा ढासळून माती विहिरीत जाऊ नये म्हणून चरात पोत्यांत भरलेली कच टाकली आणि वर पत्रा. लाकूडफाटा भिजला, वाळवणं घरात, गावात सगळ्यांची हीच धांदल. टाकी अर्धीच झाली, सतराव्या टप्प्यानंतरचे सगळे गुळगुळीत राहिले.

२४ मे

कमी दाबाचं क्षेत्र आणखी तीव्र होऊन आज रत्नागिरी आणि दापोलीच्या दरम्यान किनाऱ्यावर आलं. वीज नाही. दुपारी जोर कमी झाल्यावर छत्री घेऊन मागीलदारी गेले, कारण असं पाणी बघायची संधी मे महिन्यात मिळत नाही.

गडग्याच्या फटींतून पाणी येत होतं, पण मला वाटलं होतं तसं सगळ्या लांबीवर पसरून नाही. बहुतेक सगळं अकराव्या आणि चौदाव्या टप्प्यांच्या मधूनच. तिथे गडग्याचा तळचा दगड सरकलेला आहे. लाल पाण्याची पाच-सहा फूट रुंद पट्टी येत होती, टप्प्यांवर आपटून फटींत शिरत होती आणि पलीकडे परत पसरत होती. पाणी तटलं नाही. पडवीची बाजू कोरडी नाही म्हणता येणार, पण तिथे साठाही नाही. मात्र त्या फटींतली कच निम्मी वाहून गेली होती आणि बाराव्या टप्प्याची कड उघडी पडली होती. ६ इंचांतून जाताना पाण्याला वेग येतो, हे साधं गणित.

२६ मे

मोसमी पाऊस परवा केरळात, काल तळकोकणात, आज मुंबईत. मुंबईची नेहमीची तारीख ११ जून. केरळातही २००९ नंतर इतक्या लवकर आला नव्हता. म्हणजे जे पडतंय ते आता वळवाच्या खात्यात टाकून वाट बघण्यात अर्थ नाही, वाट पावसातच पुरी करायची.

४ जून

उघडीप आहे. मिस्त्री आले, अकरा ते चौदाच्या फटींपाशी उकिडवे बसून बराच वेळ बघत राहिले. "पाण्याने तुमची बाजू घेतली, वहिनी. काँक्रीट असतं तर मला मात्र दुरुस्तीचं काम मिळालं असतं."

त्या तीन फटींतली उरलेली कच काढली. तळाला मुठीएवढे जांभ्याचे तुकडे उभे रोवले, एकमेकांना घट्ट, वर २० मिलिमीटर खडी. पाण्याला हे उचलता येत नाही. काठी जरा खडखडते, सासूबाईंनी तक्रार केली; काठीला नवीन रबरी बूट आणला. खालच्या बाजूला, पाणी बाहेर पडतं तिथेही हातभर लांबीचं असंच पिचिंग केलं, नाहीतर तिथे खळगा पडून टप्पा मागून पोखरला जातो. गडग्याचा सरकलेला दगड जागेवर बसवला नाही. पाण्याला यायला कुठूनतरी जागा हवीच, आणि आता ती कुठे आहे ते माहीत आहे.

नववा टप्पा अर्धा इंच खचला, आगराकडच्या कोपऱ्यात. मिस्त्रींनी वर्तवलंच होतं. दोन्ही चिरे पहारीने उचलले, खालचा मुरूम पुन्हा ठोकला, कच भरली, बसवला. सुटा टप्पा असण्याचा हा फायदा मी ह्यांच्यासमोर मोठ्याने बोलून दाखवला.

८ जून

तिसरी पायरी. इथे मात्र सिमेंट वापरलं. बादली भरताना विहिरीच्या कट्ट्यावरून रोज पाणी सांडतं आणि रोजच्या पाण्यापुढे कच टिकत नाही. पायरीचे तिन्ही चिरे मालात बसवले, पण मागच्या बाजूने अर्धा इंची पाइपाचे दोन तुकडे घालून पाणी निघायला वाट ठेवली. वर पोतं, चार दिवस कोणी पाय द्यायचा नाही. मांजराने दिला.

दोन्ही अंगांना वीतभर रुंद कचीचा पट्टा ठोकून झाला. त्यापलीकडे दोन फूट काही लावायचं नाही असं ठरलंय. वाटेच्या कडेला गवती चहा शोभून दिसेल अशी सूचना आली होती. संध्याकाळी अंधारात त्या झुडपाखाली काय बसलं असेल हे टॉर्चशिवाय कळणार नाही, म्हणून नाही. अबोली हात-दीड हात मागे सरकवली, या पावसात धरेल.

२२ जून

पाऊस पुन्हा जोरात आहे, त्यामुळे टाकीचा फरक आता उघड दिसतो. पहिल्या सतरा टप्प्यांवर अजून पाय घट्ट राहतो. अठरा ते बावीस आणि खालच्या सपाटीतले टप्पे हिरवट झाले, सकाळी चप्पल सरकते. ब्लीचिंग पावडर विहिरीजवळ नको. काथ्याच्या ब्रशने घासलं, आणि पायऱ्यांवर पोफळीच्या झावळ्या अंथरल्या, आमच्याकडे खळ्यात अंथरतात तशा. झावळी आठवड्याला बदलायची आणि उचलताना काठीने. राहिलेली टाकी दिवाळीनंतर, चिरे पुरते सुकल्यावर.

खर्च: चिरे आणि टेम्पो मिळून सहा हजारांच्या आत, कच आणि खडी अठराशे, पाइप आणि एक गोण सिमेंट नऊशेच्या आसपास, मिस्त्री आणि गडी साडेअकरा हजार. उरलेले चिरे वाशांवर तसेच ठेवले आहेत, खचलेला टप्पा बदलायला लागले तर. उरलेली कच पडवीखाली दोन पोत्यांत. ऑक्टोबरात फटी पुन्हा भराव्या लागतील, तेव्हा तीच.